थेंब बसेपर्यंत

ठसेमास्तरांचा उजवा हात एखाद्या सुतारानं पाहिला असता, तर त्याला रंधा मारायचा मोह झाला असता. करंगळीखालची तळहाताची कड, जिथे तुमच्याआमच्या हाताला मऊ मांस असतं, तिथे त्यांच्या हाताला जवळजवळ लाकूडच होतं. कापड छापायच्या कारखान्यात तिसऱ्या नंबरच्या टेबलाशी उभं राहून एकेचाळीस वर्षं त्यांनी त्या कडेनं ठशाच्या पाठीवर ठोका दिला होता. ठसा रंगात टेकवायचा, कापडावर ठेवायचा, ठोका द्यायचा, उचलायचा. पुन्हा. सांगायला एवढंच आहे.

त्यांची ख्याती सरळ ओळीची. त्यांचा ताणलेला कपडा मुकादम एक डोळा मिटून या टोकापासून त्या टोकापर्यंत बघायचा, मग दुसरा डोळा उघडायचा आणि पुढच्या टेबलाकडे जायचा. मास्तरांना आयुष्यात मिळालेली शाबासकी ती एवढीच, आणि ती त्यांना पुरली. पुढे पुढे तर वाकडं काही दिसलं की त्यांना घशाशी यायचं. शेजाऱ्याच्या दारातलं पायपुसणं ते जाताजाता बुटाच्या टोकानं सरळ करत. गल्लीतला न्हावी त्यांचा भांग पाडताना श्वास रोखून धरी.

त्यांची बायकोही त्याच कारखान्यात होती, हौदावर. लोक तिला हौदवालीच म्हणत. टेबलं आणि हौद यांच्यामध्ये एक जाड भिंत होती आणि भिंतीत एक चौकोनी खिडकी. रोज सकाळी साडेआठला त्या खिडकीतून दोन ओले हात येत आणि पांढरंशुभ्र, घडी केलेलं कापड पुढे सरकवत. मास्तर ते घेत आणि टेबलावर अंथरत. ते हात कधी बायकोचे असत, कधी दुसऱ्या कुणाचे. मास्तरांनी कधी वाकून पाहिलं नाही. हौदाकडची फरशी ओली असायची आणि टेबलावरची माणसं कोरड्या बुटांची होती.

एकदा, फार वर्षांपूर्वी, दुपारच्या सुट्टीत डबा खाताना ती म्हणाली होती, "सोड्यानं हात फाटलेत हो."

"हौदाला काय लागतं?" मास्तर म्हणाले होते. "भिजवायचं आणि पिळायचं. सगळी कला टेबलावर."

तिनं तोंडातला घास गिळला आणि ते वाक्यही गिळलं. घास पचला.

पुढे कारखाना बंद पडला. मालक भला माणूस होता. जाताना ज्याला जे हवं ते घेऊन जा म्हणाला. कुणी पंखा नेला, कुणी घड्याळ, हौदावरच्या बायकांनी तांब्याची घंगाळी नेली. मास्तरांनी आपले ठसे घेतले आणि टेबल मागितलं.

टेबल बावीस फूट लांब होतं. मास्तरांच्या दोन खोल्या मिळून अठरा फूट भरत.

आठ माणसांनी ते टेबल भर रस्त्यातून वाहून आणलं, तेव्हा दुकानदार बाहेर येऊन उभे राहिले. ते टेबल मग गल्लीतच राहिलं, भिंतीला लावून, प्लास्टिकच्या कागदाखाली. त्याच्यावर पोरांनी अभ्यास केला, त्याच्याखाली मांजर व्यालं, आणि रिक्षा वळवणाऱ्यांनी मास्तरांच्या सात पिढ्यांची आठवण काढली.

"एक तर भिंत पाडा, नाही तर टेबल कापा," हौदवाली म्हणाली.

"टेबल कापायचं नसतं," मास्तर म्हणाले.

"का?"

"नसतं म्हणून."

अखेर तोडगा काढला तो वाचनालयाच्या बाईंनी. त्या रोज त्याच गल्लीतून जात आणि रोज टेबलाच्या कोपऱ्याला त्यांची पिशवी अडकत असे. वाचनालयामागे एक लांबलचक खोली होती. तिथे फाटक्या मासिकांचे गठ्ठे आणि उंदरांखेरीज काही नव्हतं.

"टेबल तिथं ठेवा," बाई म्हणाल्या. "पण दर रविवारी मुलांना छापायला शिकवायचं. पोरं वाचायला येत नाहीत, निदान छापायला येतील. चुकून एखादं पुस्तक हाताला लागेल."

पहिल्या रविवारी अकरा मुलं आली. तेरा ते सतरा वयाची. त्यांना वाटलं होतं, गेल्या गेल्या रंगात हात घालायचा. मास्तरांनी त्यांना टेबलावर तरट अंथरायला लावलं. एक थर, दुसरा थर, तिसरा, वर जाड चादर, चारी बाजूंनी ताणून. सुरकुती दिसली की सगळं काढून पुन्हा. दुसऱ्या रविवारीही तेच. तिसऱ्या रविवारी त्यांनी प्रत्येकाच्या हातात एक कोरा लाकडी ठोकळा दिला. रंग नाही, कापड नाही, नुसता ठोका.

"मास्तर, यानं छापलं काय जातं?" एकानं विचारलं. तो बेताबाहेर उंच होता, त्याला सगळे बांबू म्हणत.

"हात," मास्तर म्हणाले.

चौथ्या रविवारी चारच मुलं उरली. त्यातला बांबू घरी करमत नाही म्हणून येत होता. दोघी जुळ्या बहिणी आईनं हाकललं म्हणून येत होत्या. चौथी एक जाड चष्म्याची मुलगी होती. ती प्रत्येक गोष्टीला 'का' म्हणून विचारी, म्हणून बांबूनं तिचं नावच 'का' ठेवलं होतं.

त्या दिवशी मास्तरांनी खोक्यातून पानाचा ठसा काढला. शिसवी, तेल पिऊन काळाभोर झालेला.

"हा कोपऱ्यातला खिळा बघा. हा कापडावर एक टिंब ठेवतो. पुढचा ठसा ठेवताना त्याची डावी कड त्या टिंबावर आली पाहिजे. मग मागचं टिंब झाकलं जातं आणि पुढे नवं पडतं. टिंब चुकलं की ओळ गेली."

"खिळा उजव्याच कोपऱ्यात का?" चष्मेवालीनं विचारलं.

"तिथंच असतो."

"पण का?"

"अगं, असतो," मास्तर म्हणाले. एकेचाळीस वर्षांत त्यांना हे कुणी विचारलं नव्हतं.

मग रंग आला, आणि गेलेली मुलं परत आली. रंगाचा वास लागला की पोरं गुळाच्या ढेपेला मुंगळे यावेत तशी येतात. मुलांनी स्वतःचे ठसे कोरायला घेतले. बटाटे कोरले, खोडरबर कोरले. चष्मेवालीनं वडिलांच्या तुटक्या रबरी चपलेच्या तळव्यातून मासा कापला आणि लाकडाच्या तुकड्याला चिकटवून आणला.

मास्तरांनी तो मासा उलटापालटा करून पाहिला. वास घेतला. "चपलेचा ठसा," ते म्हणाले. चिंधीवर एक ठोका देऊन बघितला. खवल्यांच्या जागी चपलेच्या तळाची नक्षी उठली होती, जणू माशाच्या अंगावरून पाणी वाहतंय.

"चालेल," मास्तर म्हणाले.

मुलगी हिरमुसली. तिला कुणी सांगितलंच नाही की मुकादमानं दुसरा डोळा उघडला होता.

अशातच एका रविवारी मास्तर खोलीत आले तर टेबलावर लाल पेन्सिलीच्या तीन रेघा. आडव्या, या काठापासून त्या काठापर्यंत. टेबलाचे चार सारखे भाग.

"हे कुणी केलं?"

वाचनालयाच्या बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छ होता. "सुतार येऊन गेला. कार्यकारिणीचं म्हणणं पडलं, पुस्तकांना फळ्या कमी पडतात आणि इथं बावीस फूट सागवान पडून आहे. अध्यक्ष म्हणाले, मुलं रंगात खेळतात, त्यातून वाचनालयाला काय?"

मास्तर रेघांकडे बघत राहिले. रेघा सरळ होत्या, याचा त्यांना जास्त राग आला.

"मी एक कबूल करून घेतलंय," बाई म्हणाल्या. "वाचायच्या दालनाला सहा खिडक्या आहेत आणि पडदा एकही नाही. दुपारी वाचणाऱ्यांच्या डोळ्यांवर ऊन येतं. पुढच्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी वार्षिक सभा आहे. तोवर मुलांनी छापलेले सहा पडदे लागले, तर वर्ग राहील. टेबलही राहील."

"आणि नाही लागले तर?"

"तर सोमवारी सुतार."

बाईंनी बाजारातून मांजरपाटाचा आख्खा तागा आणला. मास्तर तो मापायला घरी घेऊन गेले. हौदवाली भाजी निवडत होती. तिनं ताग्याचं टोक अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरून चोळलं.

"करकरीत आहे," ती म्हणाली.

"नवं आहे," मास्तर म्हणाले.

ती पुन्हा भाजीकडे वळली.

तीन रविवार आणि मधल्या संध्याकाळी मुलं राबली. काठाला मास्तरांच्या पानांची ओळ, मध्ये चपलेचे मासे, सगळं निळ्या रंगात. बांबूचा ठोका असा की खालचं टेबल हुंकार देई. जुळ्या बहिणी एकमेकींशी न बोलता एकाच वेळी ठसा उचलत. मास्तर टेबलाच्या टोकाशी एक डोळा मिटून उभे. सहावा पडदा झाला तेव्हा त्यांनी दुसरा डोळा उघडला आणि म्हणाले, "सरळ."

मुलांना वाटलं ते सरळ घरी जायला सांगतायत. जुळ्यांनी पिशव्या उचलल्या.

सगळ्या पडद्यांवर इस्त्री फिरली, कारण रंगाच्या डब्यावर तसं लिहिलं होतं. सभेला बरोबर आठवडा होता. बाईंना तेवढा रंगाचा वास नको होता. "एकदा पाण्यातून काढा आणि टांगा," त्या म्हणाल्या. बांबू आणि चष्मेवाली सहाही पडदे अंगणातल्या नळावर घेऊन गेले.

थोड्या वेळानं चष्मेवाली परत आली. कोपरापर्यंत निळी.

"मास्तर, पाणी निळं का होतंय?"

मास्तरांनी अंगणात जाऊन पाहिलं. बादल्यांमध्ये पाणी होतं, पाण्यात मासे होते, आणि मास्तरांच्या डोळ्यांदेखत ते कापड सोडून चालले होते. एखाद्या पानाचा देठ राहिला होता, कुठे अर्धं शेपूट. बाकी सगळं फिकट, डागाळलेलं, पुसल्या पाटीसारखं. भरीला भर म्हणून पडदे वितभर आटलेही होते. मेहनत पाण्यात जाणं म्हणजे काय, ते मास्तरांना तिथे उभ्या उभ्या बघायला मिळालं.

"रंग खोटा असेल," बांबू म्हणाला.

"इस्त्री कमी पडली असेल," एक जुळी म्हणाली.

"का गेला रंग?" चष्मेवालीनं विचारलं. तिनं तो प्रश्न पाण्याला विचारला होता, पण सगळी मुलं मास्तरांकडे बघत होती. मास्तरांनी रंगाचा डबा पाहिला, ठसा पाहिला, आपला हात पाहिला. टेबलावरचं त्यांना सगळं ठाऊक होतं आणि टेबलावर काहीच चुकलं नव्हतं.

घरी येऊन ते खुर्चीत बसले. बूट काढले नाहीत. हौदवालीनं आधी बुटांवरचा निळा डाग पाहिला, मग माणूस पाहिला.

"गेला ना रंग," ती म्हणाली.

"तुला कुणी सांगितलं?"

"कोऱ्या मांजरपाटाला खळ असते. अंगभर. रंग त्या खळीवर बसतो, कापडावर नाही. खळ सुटली की तोही सुटला."

मास्तरांनी बुटावरचा निळा डाग पाहिला. "कारखान्यात कधी असं झालं नाही."

"कारखान्यात आम्ही होतो."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले की. करकरीत आहे म्हणाले."

"करकरीत म्हणजे मी काय समजायचं?"

"ते टेबलावर शिकवत नाहीत का?" ती शांतपणे म्हणाली, आणि चहा ठेवायला उठली. तिनं हे वाक्य बारा-पंधरा वर्षं तयार ठेवलं होतं असं नाही. पण हाताशी लागलं तेव्हा त्याला धार काढावी लागली नाही.

चहा झाला. मास्तरांनी कप बशीच्या बरोबर मध्यभागी ठेवला. मग म्हणाले, "उद्या वाचनालयात येशील?"

"कशाला?"

त्यांनी सरळ सांगता येईल असं काही शोधून पाहिलं. "मला येत नाही," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मुलं आली तर अंगणात तीन विटांवर पत्र्याचं पिंप चढलेलं, खाली जाळ, आणि पदर खोचलेली एक आजी काठीनं पिंप ढवळत होती. सोड्याचा उग्र वास सुटला होता. तांब्याचं घंगाळ शेजारी.

"बूट काढा," आजी म्हणाली. सगळ्यांनी काढले. मग तिनं मास्तरांकडे पाहिलं. "तुम्हीसुद्धा."

मास्तर अनवाणी झाले. त्यांचे पाय गोरेपान होते. ओली फरशी त्यांना कधी लागलीच नव्हती.

दोन दिवस तिनं पोरांना नाचवलं. उकळा, चोळा, निथळा, पुन्हा उकळा. उरलासुरला सैल रंग निघून गेला, फक्त जुन्या छापाची एक फिकट सावली कापडात मुरली होती. ती काही केल्या जाईना. तिसऱ्या दिवशी तिनं वाळलेलं कापड सतरंजीवर पसरलं, बोट पाण्यात बुडवलं आणि वरून एक थेंब सोडला. थेंब मोत्यासारखा कापडावर उभा राहिला.

"उभा आहे. अजून खळ आहे," ती म्हणाली. "परत पिंपात."

"का उभा राहतो?" चष्मेवालीनं विचारलं.

"खळीनं सुताची तोंडं बांधलेली असतात. त्याला पाणी पिता येत नाही, तर रंग कुठून पिणार?"

मुलीनं हातातली काठी खाली ठेवली. या वर्गात तिच्या 'का'ला प्रथमच उत्तर मिळालं होतं. त्यानंतर ती आजीच्या मागेमागे फिरू लागली.

त्या संध्याकाळी दुसरा थेंब सोडला तो पडता क्षणी कापडात उतरला. नुसता ओला ठिपका राहिला.

"बसला," हौदवाली म्हणाली. तिनं सगळ्या कापडांच्या घड्या केल्या आणि दोन्ही हातांनी मास्तरांच्या पुढे सरकवल्या. मास्तरांनी ते हात पाहिले. बोटांच्या पेरांवर बारीक पांढऱ्या चिरा होत्या, जुन्या.

"कारखान्यात असे किती कपडे तू दिले असशील मला?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही मोजायला हवे होते," ती म्हणाली.

शुक्रवारी छपाई पुन्हा सुरू झाली, तेव्हा वेगळीच अडचण उभी राहिली. कापड आटलं होतं, म्हणून नवी पानं जुन्या सावलीवर बसेनात.

"जुन्या टिंबावर ठेवू की नवीन घेऊ?" बांबूनं ठसा हवेत धरून विचारलं.

जुन्यावर ठेवावं तर ओळ वाकडी. नवीन घ्यावं तर प्रत्येक पानामागे एक तिरकं फिकट पान कायमचं दिसणार. मास्तरांनी डोळे मिटले, दोन्ही.

"नवीन घे," ते म्हणाले.

बांबूला दाखवायला म्हणून पहिली ओळ त्यांनी स्वतः छापली. हौदवाली भिंतीला टेकून बघत होती. तीस वर्षं ती पलीकडे होती, त्यांचा ठोका तिनं भिंतीतून ऐकला होता, बाकीच्यांच्या ठोक्यांतून वेगळाही काढला होता. हात चालताना आजच पाहत होती. ओळ संपली. तिनं एक डोळा मिटला, या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं.

"तुम्ही भिंतीपलीकडं हेच करत होता होय," ती म्हणाली.

"हेच."

"बरं आहे."

मास्तरांनी पुढचं टिंब चुकवलं. वितभर नाही, सुतभर. पण चुकवलं. तिथे एक पान जरा झुकलेलं आहे, अजून दिसतं.

रविवारी सभा भरली. सहा खिडक्यांना सहा पडदे होते. ते खिडकीपेक्षा वितभर आखूड होते आणि खालून उन्हाची एक पट्टी आत येत होती. अध्यक्ष तिच्याकडे बघत होते. मग त्यांची नजर वर गेली.

"हे प्रत्येक माशामागे सावली काढलीय, ती कल्पना छान आहे," ते म्हणाले.

बाईंनी मान डोलावली. सगळी सभा डोलावणारच होती.

"ती सावली नाही, चूक आहे," मास्तर म्हणाले.

बाई खोकल्या. मास्तरांना खोकला कळला नाही. त्यांनी उभं राहून सगळं सांगितलं. खळीचं, बादलीचं, आटण्याचं. "कापड धुवून घ्यायचं असतं हे मला माहीत नव्हतं. एकेचाळीस वर्षं मला ते धुतलेलंच मिळत होतं."

बांबू खिडकीतून बाहेर बघू लागला. त्याला सुतार दिसत नव्हता, पण दिसल्यासारखं वाटत होतं.

"म्हणजे रंग पुन्हाही जाईल," अध्यक्ष म्हणाले.

हौदवाली मागच्या बाकावर बसली होती. ती उठली, पुढे आली, अध्यक्षांच्या समोरचा पाण्याचा पेला उचलला आणि पहिल्या पडद्यावर ओतला. मग हात पुढे केला.

"रुमाल," ती म्हणाली.

अध्यक्षांचा रुमाल पांढरा, कडक इस्त्रीचा. त्यांनी तो दिला. का दिला, ते त्यांनाही नंतर सांगता आलं नाही. तिनं ओल्या माशावर तो खसाखसा चोळला आणि उलगडून त्यांच्यासमोर धरला.

अध्यक्षांनी रुमाल उजेडाकडे धरून दोन्ही बाजूंनी पाहिला. ओला होता, पण पांढराच होता. शेजारच्या सभासदाला दाखवला. त्यानंही पाहिला. रुमाल पूर्ण सभेतून फिरून परत आला.

ठराव असा झाला: वर्ग चालू ठेवावा. पडद्यांना खालून वितभर पट्टी जोडावी, आणि पट्टीचं कापड आधी धुवावं. सूचना मांडली अध्यक्षांनी, अनुमोदन बाईंचं. फळ्यांचं काय, असं कुणीतरी विचारलं, तेव्हा बाई म्हणाल्या की फाटकी मासिकं रद्दीत घातली तर जागाच जागा आहे. ते त्यांना चार वर्षं सुचलं नव्हतं.

लाल रेघा टेबलावर तशाच आहेत. मास्तरांनी घासून पाहिल्या, गेल्या नाहीत. मग मुलांनीच त्या वाटून घेतल्या. एका भागात तिघं, असे चार भाग. कारण आता बारा मुलं येतात, आणि भांडणं कमी होतात.

नव्या मुलांना पहिल्या रविवारी आता तरट अंथरायला लावत नाहीत. आधी अंगणात नेतात. जाळ आजी बघते. मास्तर अनवाणी, घंगाळापाशी बसलेले असतात, पुढ्यात कापड, बोट पाण्यात. ते थेंब सोडतात आणि वाट बघतात.

परवा एका नव्या पोरानं त्यांना विचारलं, "काका, थंड पाण्यात सगळी खळ का सुटत नाही?"

मास्तरांनी तोंड उघडलं. 'नसते सुटत' हे शब्द अगदी ओठांवर आले होते.

"थांब," ते म्हणाले. "आजीला विचारून सांगतो."